जुन्या अमेरिकन शेतकरी-आमदाराचं आयुष्य कसं शोधायचं

आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का या भागात नवीन वस्ती होत होती तेव्हा थंडीत विधानसभेत बसायचं आणि पेरणीला परत शेतावर यायचं असे आमदार बरेच होते. अशा कुणावर लिहायचं असेल तर लोक आधी काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) जुना इतिहास उघडतात. तो शेवटी उघडा. १८८० च्या आसपासचे ते जाडजूड ग्रंथ आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांवरच चालायचे, त्यामुळे त्यात वाईट माणूस सहसा सापडतच नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. जनरल लँड ऑफिसचे, म्हणजे सरकारी जमीन वाटणाऱ्या जुन्या खात्याचे, रेकॉर्ड ऑनलाइन फुकट आहेत, राज्य आणि नाव टाकलं की सरकारने दिलेला मालकीचा कागद दिसतो. त्यावरचा टाउनशिप, रेंज, सेक्शन नंबर (सरकारी मोजणीतला जमिनीचा नेमका पत्ता) लिहून ठेवा, कारण एकाच नावाची दोन-तीन माणसं निघतात आणि मग हा नंबरच कामाला येतो. जमीन १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालची असेल (वस्ती करून शेती कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) तर नॅशनल आर्काइव्हजमधून पूर्ण फाइल मागवाच, पैसे लागतात पण घर केवढं होतं, किती एकर नांगरलं, शेजाऱ्यांनी काय साक्ष दिली हे सगळं त्यात असतं.

मग जनगणना. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, तिच्यामागे वेळ घालवू नका. १८५० ते १८८० मध्ये शेतीचे वेगळे तक्ते आहेत, त्यात घोडे, गाई, डुकरं, मका किती बुशेल, लोणी किती पौंड इथपर्यंत नोंद आहे.

आता खरी मजा. विधानसभेच्या जर्नलमध्ये कुणी बाजूने मत दिलं, कुणी विरोधात, ते नावानिशी छापलेलं असतं. कॅन्सस-नेब्रास्कात १८७० च्या दशकात मोठा वाद होता की कुंपण पीकवाल्याने घालायचं की गुरं गुरंवाल्याने सांभाळायची, गुरंवाल्यावर जबाबदारी टाकणाऱ्या कायद्याला हर्ड लॉ म्हणायचे. त्यावरचं आपल्या माणसाचं मत काढा आणि त्याच्या तक्त्यातली गुरं नि मका शेजारी ठेवा. तो स्वतःच्या शेताकडे बघून मत देत होता की मतदारांकडे, याचा अंदाज इथे येतो, आणि चरित्रात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

यानंतर काउंटीचा इतिहास वाचा आणि न जुळणाऱ्या प्रत्येक ओळीवर खूण करा.