व्हर्च्युअल डेस्कटॉप निवडायचाय? आधी आठवडाभर लोकांशेजारी बसा

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे माणसाचं विंडोज टेबलावरच्या मशीनऐवजी दूरच्या सर्व्हरवर चालतं आणि समोर फक्त त्याची खिडकी दिसते. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा ते बसवले तेव्हा मी चाचणी दुपारी तीन वाजता घेतली होती, पाच जणांना बसवून. सगळं छान चाललं. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला चाळीस जणांनी एकदम लॉगिन केलं आणि पहिला डेस्कटॉप उघडायला अकरा मिनिटं लागली. सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, रॅमही शिल्लक होती. दम तोडला होता डिस्कनी. ७२०० आरपीएमची एक हार्ड डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० वाचन-लेखनं करते. आमच्याकडे अशा आठ होत्या. विंडोज सुरू होताना एकटी मशीनच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते, इथे तर चाळीस रांगेत होत्या. याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची वेगवान डिस्क, आल्यावर तेच लॉगिन मिनिटाच्या आत होऊ लागलं.

तेव्हापासून मी उत्पादनांचे तक्ते शेवटी उघडते. आधी एक आठवडा वही घेऊन लोकांच्या शेजारी बसते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

वहीत प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: दिवसभरात कोणते प्रोग्रॅम उघडतो, मशीनला काय काय जोडलेलं आहे, कुठून काम करतो, आणि त्याचा सगळ्यात गर्दीचा तास कोणता. यातला दुसरा रकाना लोक हमखास विसरतात. आमच्या लेखा विभागातल्या ताईंचं सगळं काम दूरच्या डेस्कटॉपवर सुरळीत हललं, फक्त डिजिटल सहीचं यूएसबी टोकन दिसेना. त्याचं सॉफ्टवेअर त्यांच्या टेबलावरच्या मशीनवरही लागतं आणि सर्व्हरवरही, ते बसवेपर्यंत दोन दिवस गेले. स्कॅनरची गत याहून वाईट. यूएसबी स्कॅनर दूरच्या डेस्कटॉपवर ओढून नेण्यापेक्षा नेटवर्क स्कॅनर घ्या आणि कागद थेट सामायिक फोल्डरमध्ये पडू द्या.

वही भरली की माणसांचे आपोआप गट पडतात. पर्याय त्या गटांसाठी शोधायचे, अख्ख्या ऑफिसला एकच टोपी घालायची नाही.

ब्राउझर, ऑफिस आणि एखादं हिशोबाचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर ज्यांचं काम भागतं त्यांना सेशनचा मार्ग बहुतेक वेळा पुरतो. इथे एकाच विंडोज सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी आपापल्या खिडकीत काम करतात. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस (आरडीएस) म्हणजे हेच. २००९ पर्यंत त्याला टर्मिनल सर्व्हिसेस म्हणत. हिशोब सोपा आहे. वीस जणांना प्रत्येकी २ जीबी रॅम धरली तर ४०, सर्व्हरसाठी आणखी ८, म्हणजे ६४ जीबीच्या मशीनवर काम होतं. त्याच वीस जणांना स्वतंत्र विंडोज द्यायचं तर प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे १६० जीबी. फरक एवढा मोठा आहे. पण घर एक आणि बिऱ्हाडं अनेक असा हा मामला आहे: एकाचा प्रोग्रॅम बेफाम झाला की सगळ्यांचं काम मंदावतं आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळेच बाहेर पडतात. म्हणून एकाच मोठ्या सर्व्हरऐवजी दोन मध्यम घ्या.

ज्यांना स्वतःचे प्रोग्रॅम टाकावे लागतात, ज्यांचं सॉफ्टवेअर सर्व्हरच्या विंडोजवर चालायला नकार देतं, किंवा ज्यांचं काम इतरांपासून अलग ठेवायलाच हवं, त्यांच्यासाठी व्हीडीआय (व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर). इथे प्रत्येकाला स्वतःची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला स्वतंत्र संगणक, मिळते. त्यात पुन्हा दोन तऱ्हा आहेत. एकीत मशीन कायमची त्याच माणसाची असते. दुसरीत सगळ्यांसाठी एकच तयार केलेली 'गोल्डन इमेज', म्हणजे नमुना-मशीन, असते आणि लॉगआउट होताच मशीन पुन्हा कोरी होते. मला दुसरी तऱ्हा आवडते, कारण अपडेट एकदाच करायचं. पण मग माणसाच्या सेटिंग्ज आणि मेलचं काय? त्यासाठी एफएसलॉजिक्ससारखी सोय लागते. ती अख्खं प्रोफाइल एका आभासी डिस्कच्या फाइलमध्ये ठेवते आणि लॉगिनच्या वेळी तुम्हाला मिळालेल्या मशीनला जोडते. ती फाइल ज्या सर्व्हरवर आहे तो वेगवान नसेल तर सकाळची रांग फक्त जागा बदलेल.

ढगातले, म्हणजे क्लाउडचे, पर्याय म्हणजे हेच सेशन आणि व्हीडीआय, फक्त यंत्रं दुसऱ्याच्या घरी. मायक्रोसॉफ्टचेच दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. विंडोज ३६५ मध्ये माणशी ठरलेलं मासिक भाडं, तो माणूस एक तास बसो वा अख्खा महिना. ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये मशीन चालू असेल तेवढ्याचे पैसे, शिवाय एकाच विंडोज ११ वर अनेक जणांना बसवायची मुभा. महिन्याचे तास साधारण ७३०. रोज आठ तास आणि बावीस दिवस धरले तर १७६, म्हणजे एक चतुर्थांशच. मशीन रात्री आपोआप बंद होण्याची व्यवस्था लावलीत तर दुसरा पर्याय स्वस्त पडू शकतो. नाही लावलीत तर बिल पाहून डोळे पांढरे होतील. मशीन बंद असली तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, तेही हिशोबात धरा. ज्या ऑफिसात हे सगळं सांभाळायला एकच माणूस आहे, तिथे मी विंडोज ३६५ सुचवते. बिल आधीच माहीत असणं ही त्या माणसाच्या झोपेची किंमत आहे.

जड चित्रकामं किंवा त्रिमितीय आराखडे करणाऱ्यांना व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्ड लागतं आणि खर्च झपाट्याने चढतो. असे दोन-तीनच जण असतील तर त्यांच्या टेबलाखाली चांगली मशीन असू द्या.

आता अंतर. लोक जिथे बसतात तिथून डेटा सेंटरला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, दिवसातून तीनदा. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर टंकताना खटकत नाही. १५० च्या पुढे गेलं की अक्षरं बोटांच्या मागे पडतात आणि लोक चिडतात. इंटरनेटचा वेग वाढवून हे सुधारत नाही. जवळचं डेटा सेंटर निवडा.

लायसन्सवर एक अख्खी दुपार खर्च करा. आरडीएसला सर्व्हरच्या नेहमीच्या क्लायंट लायसन्सखेरीज वेगळं आरडीएस लायसन्स लागतं, माणशी किंवा यंत्रामागे. ते न घालताही १२० दिवस सगळं चालतं, त्यामुळे अनेकांना वाटतं काम झालं, आणि १२१व्या दिवशी कोणी आत येऊ शकत नाही. ऑफिस सामायिक सर्व्हरवर चालवायचं तर 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' मिळणारीच योजना घ्या. आणि बाहेर पडायची वाट आधीच बघून ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी घेतली, कायमची लायसन्सं विकणं थांबलं, आणि डेस्कटॉपचा भाग, म्हणजे होरायझन, २०२४ मध्ये ऑम्निसा या वेगळ्या कंपनीकडे गेला. अनेकांना त्या काळात घाईघाईने नव्याने हिशोब मांडावे लागले.

काहीही निवडलंत तरी ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा दरवाजा, इंटरनेटवर उघडं ठेवू नका. पासवर्डचे अंदाज बांधणारे प्रोग्रॅम ते सतत शोधत असतात आणि खंडणी मागणारे अनेकदा तिथूनच आत शिरतात. ४४३ या सुरक्षित वेबच्या पोर्टवरचं गेटवे (मधला पहारेकरी सर्व्हर) आणि दुहेरी ओळख (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा), एवढं पहिल्या दिवसापासून हवं.

मग चाचणी. निदान दोन आठवडे, आणि त्यात एक सोमवार सकाळ आणि एक महिनाअखेर आलीच पाहिजे. माणसं निवडताना समजूतदार नकोत, ऑफिसातली सगळ्यात जास्त तक्रार करणारी व्यक्ती घ्या. तिला जे दिसतं ते इतर मुकाट्याने सोसतात. तिला छापायला सांगा, व्हिडिओ कॉल घ्यायला सांगा, मध्येच वायफाय बंद करून परत जोडायला सांगा. अर्धवट लिहिलेलं पत्र तिथेच सापडलं तर ठीक.

जुन्या मशीन लगेच पुसू नका. आम्ही महिनाभर कपाटात ठेवल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात गोदामाच्या साहेबांना आठवलं की साठ्याची नोंद करणारी एक्सेलची फाइल 'डी' ड्राइव्हवर होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती.