पंपावर चालणारी मॉडेल बोट: धार नको, पाणी हवं

माझ्या पहिल्या पंपवाल्या बोटीला, म्हणजे प्रोपेलरऐवजी पंपाने मागे पाणी फेकून पुढे जाणाऱ्या, मी मोठ्या हौसेने रिव्हर्सचं बटण लावलं होतं. वायरी उलट्या झाल्या की पंप उलटा फिरणार आणि बोट मागे येणार, एवढं साधं गणित. बोट काठाशी आली, बटण दाबलं, आणि ती तशीच पुढे जाऊन भिंतीवर आपटली, फक्त जरा हळू. कारण सेंट्रिफ्युगल पंपातली चकती कुठल्याही बाजूला फिरवा, ती पाणी मधून ओढते आणि कडेलाच फेकते, त्यामुळे पाणी बाहेर पडतं ते त्याच नळीतून, उलटं फिरवल्यावर जोर तेवढा कमी होतो. पंप म्हणजे प्रोपेलर नव्हे हे मला त्या दिवशी कळलं.

आता जोर येतो कुठून ते बघू, कारण पंप निवडताना हेच लागतं. सेकंदाला किती किलो पाणी मागे फेकलं आणि ते किती मीटर प्रति सेकंदाने सुटलं, दोन्हींचा गुणाकार केला की उभ्या बोटीला मिळणारा जोर न्यूटनमध्ये येतो. समजा ३ ते ६ व्होल्टवर चालणारा तो छोटा बुडवायचा पंप घेतला, तासाला १२० लिटरवाला. म्हणजे सेकंदाला ३३ मिली. तोंड आतून ५ मिमी असेल तर पाणी सुटतं साधारण १.७ मीटरने, आणि जोर येतो जेमतेम ६ ग्रॅम वजनाएवढा. हलकी, हातभर लांबीची बोट शांत पाण्यात सरकेल, पण वारा आला की संपलं. त्याऐवजी बिल्ज पंप घ्या, म्हणजे खऱ्या होड्यांमध्ये साचलेलं पाणी उपसणारा, १२ व्होल्टचा, ताशी ५०० गॅलनचा, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर. १९ मिमीच्या तोंडातून हेच गणित केलं की १०० ग्रॅमच्या आसपास जोर निघतो. टग, फेरीबोट, लाइफबोट असल्या जड आणि निवांत चालणाऱ्या मॉडेलला एवढा पुष्कळ झाला. मात्र डब्यावर छापलेला आकडा पाणी वर न चढवता, नळी न जोडता मोजलेला असतो, बोटीत बसवल्यावर त्यापेक्षा कमीच मिळतं. म्हणून स्वतः मोजा, एक लिटरची बाटली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, बास.

आणि इथेच सगळे जण तीच चूक करतात (मीही केलीय), तोंड बारीक करायचं. धार मस्त लांब जाते, बघणारे खूश होतात, आणि बोट मात्र आधीपेक्षा हळू. अहो, पाणी निम्मं करून वेग दुप्पट केला तर जोर तेवढाच राहतो आणि पॉवर मात्र दुप्पट लागते, आणि छोट्या पंपाकडे ती जास्तीची पॉवर असतेच कुठे, मग तोंड आवळलं की पाण्याचा फ्लो पडतो आणि बॅटरी फुकट जाते. सुरुवात पंपाच्या मूळ तोंडाएवढ्या नळीने करा, मग एकेक मिमी कमी करत बघा. बोटीला मागून दोरा बांधायचा, दोऱ्याला छोटा ताणकाटा, पंप चालू करून किती ग्रॅम ओढतेय ते वाचायचं. जिथे आकडा सगळ्यात जास्त तेच नॉझल, म्हणजे पाणी सुटणारं तोंड, ठेवायचं, डोळ्यांवर विश्वास नको.

याच कारणाने डायफ्रॅमवाले (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारे) पंप आणि गाडीच्या काचेवर पाणी मारणारे पंप मी घेत नाही. त्यांच्यात प्रेशर असतं, पाणी कमी. काचवाला तर थोडा थोडा वेळ चालवण्यासाठीच बनवलेला असतो, सलग चालवला की तापतो.

पंप बसवताना एकच गोष्ट सोडू नका, तो पाण्याच्या रेषेच्या खाली हवा. सेंट्रिफ्युगल पंप हवा ओढून स्वतः भरत नाही, आत पाणी नसेल तर नुसता गुरगुरतो, आणि कोरडा फिरत राहिला की सील आणि बुश खराब होतात. सोपा मार्ग म्हणजे बोटीच्या तळाला भोक आणि त्यावर पाण्याच्या रेषेपेक्षा उंच भिंतींची एक पेटी, पंप त्या पेटीत बुडलेला, बाकी बोट कोरडी. फक्त पेटीतल्या पाण्यामुळे बोटीची तरंगण्याची ताकद तेवढी कमी होते, ते आधीच धरा. पाणी घेणारं तोंड तळाला, मधोमध किंवा जरा मागे ठेवा, पुढे ठेवलं तर नाकाखालचे बुडबुडे आत जातात आणि बोट धापा टाकल्यासारखी चालते. त्यावर जाळी हवीच, पण जाळीची मोकळी जागा नळीच्या दुप्पट तरी ठेवा. नळी आखूड, कोपरे कमी, काटकोनी एल्बो शक्यतो नकोच.

मागचं तोंड पाण्यात ठेवायचं की वर, यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं. धार मागच्या पाण्याला रेटते म्हणून बोट पुढे जाते असं वाटतं, पण तसं नाही, जोर पाणी फेकण्यातूनच येतो. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोटी बनवल्या तेव्हा आधी पाणी बोटीखाली सोडलं होतं, नंतर नॉझल पाण्याच्या रेषेच्या जरा वर आणलं तेव्हा बोट जास्त चांगली पळाली. मॉडेललाही तेच करा, अगदी थोडं वर, सरळ मागे तोंड करून. खूप वर नको, पाणी उचलण्यात पंपाचा दम जातो.

वळवायला दोन पद्धती. एकतर नॉझलवर मऊ सिलिकॉन नळीचा तुकडा लावून सर्व्होने (रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी छोटी मोटर) डावी-उजवीकडे वाकवा, किंवा दोन छोटे पंप दोन बाजूंना आणि एक बंद केला की बोट वळते. मला दुसरी आवडते, सर्व्होची भानगड नाही. पहिल्या पद्धतीत पंप बंद केला की स्टिअरिंगही गेलं, म्हणून वळताना थ्रॉटल सोडू नका. रिव्हर्ससाठी पुढे तोंड केलेला तिसरा छोटा पंप लावा, नाहीतर धारेसमोर खाली येणारं वाकडं झाकण.

ब्रश मोटरचा पंप साध्या ब्रश ईएससीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) छान चालतो, टोकांना ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा म्हणजे रिमोटला त्रास कमी. ब्रशलेस पंपात बऱ्याचदा स्वतःचं सर्किट असतं, त्याला ब्रश ईएससी लावलीत तर तो अडखळतो. बॅटरीजवळ फ्यूज टाका, पाणी आणि लिथियम एकाच डब्यात आहेत हे विसरू नका.

बोट बाहेर काढल्यावर जाळी उघडून चकती बोटाने फिरवून बघा. शेवाळाचा किंवा केसाचा एक धागा शाफ्टला गुंडाळला की पुढच्या वेळी निम्मा जोर गेलेला असतो, आणि आपण उगाच बॅटरी बदलत बसतो.