मणक्याच्या ऑपरेशनला सी-आर्मवर उभं राहणाऱ्यांसाठी

रेडिओग्राफीचा कोर्स करून यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या दवाखान्यात लागलात, की सुरुवातीचा काळ छाती, हातपाय आणि मुतखडा यांच्या एक्स-रेतच जातो. ऑर्थोच्या ओटीतून (हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधून) सी-आर्मसाठी, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या सी आकाराच्या मशीनसाठी, बोलावणं येतं ते नंतर. तेव्हा बहुतेकांना वाटतं की आपलं काम बटण दाबायचं, बाकी सगळं डॉक्टर बघतील. मणक्याच्या आणि पेल्व्हिसच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या, स्क्रूला हे चालत नाही. तिथे हाड उघडं दिसत नाही, किंवा दिसलं तरी त्याच्या पोटातून स्क्रू कुठे चाललाय ते दिसत नाही. सर्जन तुमच्या पडद्यावर भरवसा ठेवून स्क्रूची वाट ठरवणारी तार पुढे सरकवतो. चित्र तिरकं आलं तर स्क्रू बरोबर दिसूनही चुकीच्या जागी असू शकतो.

आपल्याकडच्या केसेसही तशाच. उलटलेला ट्रॅक्टर, विहिरीचं खोदकाम, झाडावरून पडणं, हायवेवरची मोटरसायकल. त्यात भर म्हणजे मणका सरकून पाय बधिर झालेल्या, तरी निंदणाला जातच राहिलेल्या मावश्या. मोठ्या शहरापर्यंत जाणं सगळ्यांना जमत नाही. गडचिरोलीत सर्च संस्थेच्या दवाखान्यात स्पाइन फाउंडेशनचे सर्जन येऊन ऑपरेशनं करतात ते त्यासाठीच. म्हणजे हे काम इथे, साध्या सी-आर्मवर होतं आणि नीट होतं. माणसं शिकलेली हवीत.

आधी कमरेचे मणके. खरा समोरचा व्ह्यू म्हणजे ज्या मणक्यात स्क्रू जायचाय त्याच्या वरच्या-खालच्या कडा एकेका रेषेत आणि मागचा काटा दोन्ही पेडिकलच्या बरोबर मध्ये. पेडिकल म्हणजे पडद्यावर दिसणारी दोन अंडाकृती कडी, घुबडाच्या डोळ्यांसारखी. एका मणक्याला जुळवलेलं चित्र शेजारच्याला चालत नाही, कारण कमरेला बाक असतो. एल-फाइव्हसाठी, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्यासाठी, मशीन पुन्हा झुकवावंच लागतं. कडं म्हणजे घड्याळ धरलं तर सर्जन डाव्या कड्यात साधारण दहाच्या आकड्यावर आणि उजव्यात दोनच्या आकड्यावर शिरतो.

आता एकच नियम पाठ करा. समोरून पाहताना तारेचं टोक कड्याच्या आतल्या (मणक्याच्या मध्याकडच्या) कडेला पोचेल, त्या वेळी आडव्या, म्हणजे बाजूने घेतलेल्या, व्ह्यूत ते मणक्याच्या मुख्य हाडाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलेलं हवं. त्याआधीच आतली कड ओलांडली असेल तर टोक मज्जारज्जूच्या नळीत शिरत असण्याची शक्यता आहे. हे कळलं की सर्जन सारखा समोर-आडवा, समोर-आडवा का मागतो ते आपोआप समजतं. त्याने मागायच्या आधी तुम्ही मशीन फिरवायला लागता.

मणके मोजायला मात्र घाई करू नका. काहींचा शेवटचा मणका सेक्रमला (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला) अर्धवट चिकटलेला असतो, काहींचा एस-वन, म्हणजे सेक्रमचा पहिला मणका, सुटा असतो. जुनी फिल्म किंवा एमआरआय लाइटबॉक्सवर लावून, ज्या पद्धतीने रिपोर्टात मोजलंय त्याच पद्धतीने मोजायचं. मी ओटीत शिरल्यावर पहिली मागणी त्या फिल्मची करते, मग डॉक्टर कितीही मोठे असोत.

पेल्व्हिस जास्त अवघड. फुटलेलं पेल्व्हिस जोडायला बाहेरून इलियममधून (कमरेच्या बाजूच्या रुंद हाडातून) सेक्रममध्ये स्क्रू जातो, बहुधा सात मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, पोकळ, तारेवरून सरकवलेला. जागा चिंचोळी. वर-पुढे सेक्रमच्या पंखावरून (बाजूला पसरलेल्या भागावरून) एल-फाइव्हची नस उतरते, खाली एस-वनचं छिद्र आहे. इनलेट व्ह्यूत (पेल्व्हिसकडे वरून तिरकं पाहताना) स्क्रू पुढे-मागे कुठे आहे ते कळतं, आउटलेटमध्ये (खालून तिरकं पाहताना) वर-खाली कुठे आहे ते कळतं आणि छिद्रं दिसतात. एकातलं चित्र सुरेख आलं म्हणून दुसरं वगळायचं नाही. रुग्ण उताणा असेल तर इनलेटला रिसीव्हर (किरण झेलून चित्र बनवणारं मशीनचं टोक) त्याच्या डोक्याकडे झुकतो, आउटलेटला पायांकडे. पालथा असेल तर नेमकं उलट. नवखे इथेच गोंधळतात. पुस्तकात चाळीस-पंचेचाळीस अंश लिहिलेले असतात, पण प्रत्येकाचा सेक्रम वेगळा कललेला. सीटी झालेला असेल तर मधल्या उभ्या कापाच्या चित्रावर दोन्ही कोन आदल्या संध्याकाळी मोजून ठेवा. टेबलावर रुग्ण आला, की ड्रेप (निर्जंतुक चादरी) घालण्याआधी तिन्ही चित्रं, म्हणजे ही दोन आणि खाली सांगितलेलं आडवं, काढून बघा, चाकांच्या जागी फरशीवर पट्टी चिकटवा आणि कोन मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या ओटीतले मामा आता पट्टी स्वतःच तयार ठेवतात.

तिसरं चित्र म्हणजे सेक्रमचा खरा आडवा व्ह्यू. दोन्ही बाजूंच्या सायॅटिक खाचा (पेल्व्हिसच्या मागच्या कडेच्या मोठ्या खाचा) एकावर एक बसल्या की तो खरा. त्यात एक तिरपी गडद रेघ दिसते, ती सेक्रमच्या पंखाच्या पुढच्या उताराची खूण मानतात. तार तिच्या मागे आणि खाली सुरू व्हायला हवी. पोटात गॅस भरलेला असेल तर यातलं काहीच धड दिसत नाही. दिसत नसेल तर तसं मोठ्याने सांगा. गप्प बसून अंधूक चित्र चालवून घेणं याला मी कामचुकारपणा म्हणते.

अनेक मणके जोडणारं लांब फिक्सेशन सेक्रमपर्यंत आलं तर काही सर्जन एस-टू-एआय स्क्रू घालतात. एस-वन आणि एस-टूच्या मागच्या छिद्रांच्या मधोमध, जरा बाहेरून शिरून, सेक्रम आणि इलियममधला सांधा ओलांडून इलियममध्ये. तिथे मशीन तिरकं फिरवून इलियमचा थेंबासारखा आकार जुळवायचा. तार त्या थेंबातच राहिली पाहिजे. खाली सायॅटिक खाच आहे आणि तिच्यातून मोठी रक्तवाहिनी जाते.

नेव्हिगेशनचं मशीन बघायला मिळालं तर जरूर बघा. ऑपरेशन चालू असतानाच टेबलावर थ्रीडी स्कॅन होतो, मणक्याच्या मागच्या काट्याला किंवा इलियमला घट्ट लावलेली फ्रेम कॅमेरा ओळखतो आणि अवजाराचं टोक पडद्यावर सरकताना दिसतं. झकास वाटतं. पण कुणाचा कोपर फ्रेमला लागला तर पडदा तितक्याच आत्मविश्वासाने खोटं दाखवतो. म्हणून जाणते सर्जन मधूनमधून ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पडद्याशी ताळा बघतात. कॅमेरा आणि फ्रेमच्या मध्ये उभं राहू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

स्वतःच्या अंगाचंही बघा. ट्यूब (किरण सोडणारं टोक) टेबलाखाली, रिसीव्हर रुग्णाच्या शक्य तितका जवळ. आडव्या चित्राला ट्यूबच्या बाजूला उभं राहू नका, विखुरलेले किरण तिकडेच जास्त असतात. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो. सलग फ्लोरो (हलतं एक्स-रे चित्र) न चालवता एकेक पल्स घ्या, किरणांच्या झोताच्या कडा आवळा, शेवटचं चित्र पडद्यावर धरून ठेवा. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला) लेड अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. अ‍ॅप्रनसकट खुंटीला टांगून जायचं नाही. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३०. मुलींनो, दिवस गेलेत असं कळलं की लाजू नका, लगेच लेखी कळवा. त्यानंतर गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ नये असा नियम आहे. मे महिन्यात एसी धापा टाकत असतो तेव्हा अ‍ॅप्रन नकोसा होतो, तरी काढायचा नाही. लेड अ‍ॅप्रन घडी घालून ठेवला की आत चिरा पडतात. अधूनमधून त्यालाच स्क्रीनिंगखाली धरून बघा.

आणि लाइट. भारनियमनाच्या दिवसांत जनरेटरवर मशीन नीट उठतं का ते केसच्या आधी बघून घ्या. तार हाडात अर्धी असताना पडदा काळा पडला तर सगळे तुमच्याकडे बघतात.

स्क्रू झाले, टाके पडले, तरी तुमचं शिक्षण संपत नाही. तपासणीचा सीटी झाला की तो उघडा, तुम्ही साठवलेली चित्रं शेजारी लावा आणि कोणता स्क्रू भिंतीला घासून गेलाय ते आधी स्वतः सांगायचा प्रयत्न करा. मग रेसिडेंट डॉक्टरांना विचारा. चहाच्या वेळी विचारलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.