बांधकामाच्या साइटवर अडखळून पडायचं नसेल तर या चुका टाळा

साइटवर कोणी अडखळून पडला की मुकादमाचं वाक्य ठरलेलं, "डोळे कुठं होते रे तुझे?" अहो पण डोक्यावर वाळूचं घमेलं असलं की पायाखालचं दिसणार कुठून? पहिली चूक हीच, पडणाऱ्याला झापायचं आणि वाट तशीच ठेवायची. एकाच जागी दोघं अडखळले तर दोष जागेचा, माणसाचा नाही.

चालताना आपल्या पायाचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटीमीटर वर असतं, त्यामुळे आडवी पडलेली सळई किंवा वायब्रेटरची (काँक्रीट दाबून बसवायच्या यंत्राची) केबल एवढंही पुरतं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीचा स्लॅब. सळयांची जाळी 6 इंचावर बांधलेली, बूट बरोबर त्या चौकोनात जातो, वरची जाळी चेअरवर, म्हणजे सळईच्या वाकवलेल्या टेकूवर, उचललेली म्हणून खाली पोकळ, आणि त्यात बाइंडिंग वायरचं, म्हणजे सळया बांधायच्या तारेचं, टोक पँटच्या पायात अडकलं की संपलंच. ये-जा असते तिथं फळ्या टाका, पण फळी दोन्ही टोकांना नीट टेकलेली हवी, नाहीतर एका टोकावर पाय पडला की दुसरं वर येतं. वायरची टोकं खाली वाकवायला सळया बांधणाऱ्या फिटरला सांगा, तो कुरकुर करेल, करू दे.

केबल वाटेत आडवी सोडू नका, वरून टांगून न्या. जिन्याची फरशी बसायच्या आधी पहिली-शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच-बुटकी असते, पाय तिथंच चुकतो, तिथं एक दिवा आणि पेंटचा पट्टा मारा.

सेंट्रिंग (काँक्रीटखालचा फळ्यांचा साचा) उघडलं की खिळ्यांच्या फळ्या तिथंच पडून राहतात, "उद्या उचलू" म्हणत. खिळे त्याच दिवशी काढा नाहीतर ठोकून वाकवा. वाटेतला राडारोडा हटवा, वर आलेले खिळे काढा, हे 1998 च्या बांधकाम कामगारांच्या केंद्रीय नियमांतसुद्धा लिहिलेलं आहे, साइटवर वाचलंय कोणी?

आणि कॉलमच्या उभ्या सळया. आम्ही त्यांच्यावर रिकाम्या पाण्याच्या बाटल्या उलट्या घालायचो आणि खूश व्हायचो, पण अडखळलेला माणूस अंगाच्या वजनाने त्यावर पडला तर सळई बाटलीतून आरपार जाते. बाटलीचा उपयोग लांबून दिसण्यापुरता. साध्या प्लास्टिकच्या टोप्या पण ओरखड्यापुरत्याच. तिथून माणसं जाणार असतील तर सळयांच्या टोकांवर लाकडाची जाड पट्टी आडवी बांधून टाका.