सोसायटीत रात्री गोल्फ कार्ट चालते? लाईटच्या या चुका टाळा

नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की सकाळी चालायला जायचं मैदान, कागदावरचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आपला गोल्फशी संबंध साधारण तेवढाच. पण गोल्फ कार्ट, म्हणजे बॅटरीवरच्या छोट्या उघड्या गाड्या, मात्र शहराच्या कडेच्या मोठ्या टाउनशिपमध्ये दिसायला लागल्यात, मेन गेटपासून मागच्या बिल्डिंगपर्यंत आजी-आजोबांना आणि त्यांच्या पिशव्यांना सोडायला. दिवसा काही त्रास नसतो. रात्री त्याच अरुंद रस्त्यावर शतपावली करणारे, सायकलवरची पोरं, डिलिव्हरीवाले आणि मधूनच आवाज न करता मागून येणारी कार्ट, मग एखाद दिवशी कुणीतरी धडपडतं आणि मीटिंगमध्ये ठराव होतो की अजून दोन हॅलोजन टाका. बहुतेक ठिकाणी गडबड इथूनच सुरू होते.

लाईट कमी नसतो, तो विस्कळीत असतो

मोठा फ्लडलाइट लावला की त्याच्याखाली लख्ख उजेड पडतो आणि पुढचे वीस-पंचवीस पावलं काळोख होतो, कारण डोळ्याला एकदा लख्ख उजेडाची सवय लागली की अंधारात परत नीट दिसायला वेळ लागतो आणि कार्ट तेवढ्यात तो पट्टा पार करून गेलेली असते. रस्त्यांच्या लाईटचं भारतीय मानक आहे, आयएस १९४४, त्यात कमी वर्दळीच्या दुय्यम रस्त्याला सरासरी फक्त ४ लक्स (लक्स म्हणजे जमिनीवर किती उजेड पडतो त्याचं माप) सांगितलेत, पण सोबत अट अशी की सगळ्यात अंधाऱ्या जागीही सरासरीच्या ०.३ पट, म्हणजे सव्वा लक्सच्या आसपास उजेड हवा. ही दुसरी अट कुणी बघतच नाही. मोबाईलमध्ये लक्स मीटरचं फुकट अॅप टाका, फोन जमिनीवर स्क्रीन वर करून ठेवा, एकदा पोलच्या खाली आणि एकदा दोन पोलच्या मधोमध. आकडा तंतोतंत खरा येणार नाही, पण दोन जागांमधला फरक कळतो आणि आपल्याला तोच हवाय. मधे जवळजवळ शून्य येत असेल तर आहे त्या पोलवर जास्त वॅटची फिटिंग चढवू नका, मधे एक कमी वॅटचा पोल टाका, आणि त्याआधी गुलमोहराच्या फांद्या छाटून बघा, कधीकधी पोल भरपूर असतात फक्त झाडात गेलेले असतात.

दुसरा प्रकार म्हणजे कंपाउंडवरून आत तोंड करून लावलेले लाईट. शहराच्या कडेला मळे जवळ असले की बिबट्याची भीती असते, ती काही खोटी नाही, पण त्यासाठी लावलेला लाईट रस्त्याकडे वळवला की ड्रायव्हरला फक्त तो लाईट दिसतो, समोरचा माणूस नाही. चेक करायची सोपी पद्धत: रात्री स्वतः कार्टच्या ड्रायव्हर सीटवर बसून पूर्ण राउंड मारा, जिथे एलईडीची चिप थेट डोळ्यात येते तो लाईट खाली वाकवा नाहीतर त्याला वरून पत्र्याचा आडोसा लावा. आणि प्लीज ६५०० केल्विनचा तो निळसर पांढरा लाईट घेऊ नका, ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना निळसर लाईटचा झगमगाट जास्त त्रास देतो आणि कार्टमध्ये बसणारे नेमके तेच लोक असतात. पावसाळ्यात किडेही पांढऱ्या लाईटवर जास्त येतात, किड्यांमागे बेडूक, आणि बेडकांमागे काय येतं ते सांगायला नको.

सेन्सर लावला म्हणजे झालं असं नाही

वीजबिल वाचवायला मोशन सेन्सर लावतात आणि मग तक्रार येते की कार्ट पार जवळ आल्यावरच लाईट लागतो. सेन्सर खराब नसतो, बसवायची दिशा चुकलेली असते. हे सेन्सर आपल्यासमोरून आडवं जाणारं लवकर पकडतात, सरळ अंगावर येणारं उशिरा, म्हणून सेन्सरचं तोंड रस्त्याच्या लांबीच्या दिशेने न ठेवता बाजूने आडवं ठेवा, आणि लाईट पूर्ण बंद न करता मंद राहील अशी फिटिंग घ्या.

लाईट संध्याकाळी चालू-बंद चालू-बंद करतोय? नव्वद टक्के वेळा डे-नाईट सेन्सरवर त्याच लाईटचा किंवा शेजारच्या लाईटचा उजेड पडत असतो, तो सेन्सर फिटिंगच्या वर किंवा मागे सरकवा, लाईटचा नवीन ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारा डबा) मागवायची घाई नको. टायमर असेल तर त्याची वेळ वर्षातून दोनदा तरी बदला, नाशकात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच, उन्हाळ्याचा टायमर तसाच ठेवला तर थंडीत तासभर अंधारात कार्ट फिरते आणि पोरं तेव्हाच खाली खेळत असतात.

सोलर लाईट रात्री एकलाच मान टाकत असतील तर आधी पॅनल पुसा, मग दिशा बघा, दक्षिणेकडे तोंड आणि साधारण २० अंश कल, कारण नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. तरी जुलै-ऑगस्टच्या झडीत ते दगा देणारच, त्यामुळे वळणावर आणि उतारावर सोलरच्या भरवशावर राहू नका. आणि पावसाळ्यात बुटक्या बोलार्ड लाईटच्या काचेत आतून वाफ धरली असेल तर त्यात पाणी शिरलंय. त्यामुळे आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमन तो बायपास करून देतो, अजिबात करू देऊ नका, ओल्या गवतात अनवाणी पोरगं त्या खांबाला हात लावतं.

कार्टचा स्वतःचा लाईट

हे तर कुणाच्या डोक्यातच नसतं. कार्टची बॅटरी साधारण ४८ व्होल्टची, म्हणजे समजा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि हेडलाइट १२ व्होल्टचा. मग गॅरेजवाला काय करतो, चारपैकी एका बॅटरीवरून दोन वायरी ओढून हेडलाइट जोडून देतो, लाईट मस्त लागतो, सगळे खूश. पण ती एकच बॅटरी रोज जास्त उतरते आणि चार्जर चौघींना मिळून एकच समजतो, त्यामुळे ती कायम अर्धवट चार्ज राहते आणि बाकीच्या तीन ओव्हरचार्ज होतात, काही महिन्यांनी कार्ट चढावर दम टाकायला लागते आणि अॅक्सिलरेटर दाबला की हेडलाइट मंद होतो. ही लक्षणं दिसली तर आधी वायरिंग उघडून बघा. पूर्ण ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर लावायचा, लाइनमध्ये फ्यूज टाकायचा, त्याचा खर्च नवीन बॅटरीपेक्षा कमीच येतो.

रेडियम टेप तर अगदी स्वस्त आहे, मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. बाजूची टेप सोडू नका, कार्ट वळताना बाजूनेच दिसते.

स्पीडचं गणित एकदा ड्रायव्हरला समजावून सांगा. ताशी २० ला कार्ट सेकंदाला साडेपाच मीटर जाते, माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी आठ मीटर गेले, ब्रेक अजून लागायचाच आहे, आणि बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ताशी १० ला तेच अंतर चार मीटर. इलेक्ट्रिक कार्टच्या कंट्रोलरमध्ये बहुतेक वेळा टॉप स्पीड कमी करून मिळतो, टेक्निशियन आला की करून घ्या, "हळू चालवा" असा बोर्ड लावून आजवर कुणी हळू चालवलेलं नाही. वळणावर तर जास्तच जपायला हवं कारण कार्टला दारं नसतात, माणूस सरळ बाहेर फेकला जातो, मागे तोंड करून बसायची सीट असेल तर रात्री तिथे लहान मुलं नकोत.

आणि प्रत्येक पोलवर पेंटने मोठा नंबर टाकून घ्या. ग्रुपवर "गार्डनजवळचा लाईट गेलाय" असा मेसेज येतो, त्यावर सतरा जण अंगठा दाखवतात, वायरमन येतो, गार्डनजवळचे चारही लाईट दिवसा बघतो आणि सगळं ओके आहे म्हणून सही करून जातो.