डेटा गव्हर्नन्सची घडी कशी बसवावी आणि टिकवावी

कोणत्याही मध्यम आकाराच्या संस्थेत एक साधा प्रश्न विचारून पाहा: आज आपल्याकडे किती माणसे काम करतात? मनुष्यबळ विभाग पटावरची संख्या सांगेल. लेखा विभाग गेल्या महिन्यात ज्यांना पगार गेला त्यांची संख्या सांगेल. आयटी विभाग चालू लॉगिन खाती मोजेल. तिन्ही आकडे वेगळे निघतील आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील. बिनपगारी रजेवरची व्यक्ती पटावर असते, पगारपत्रकात नसते. कंत्राटी माणसाकडे लॉगिन असते, पण तो पटावर नसतो. सोडून गेलेल्या कोणाचे तरी खाते अजून उघडेच असते.

यातला कोणता आकडा संचालक मंडळापुढे जायचा, हे कोणी ठरवायचे? असे प्रश्न ऐन वेळी वादात सोडवण्याऐवजी आधीच ठरवून, लिहून, रोजच्या कामात पाळण्याची व्यवस्था म्हणजे डेटा गव्हर्नन्स. बऱ्याच संस्था सुरुवात सॉफ्टवेअर खरेदीने करतात आणि तिथेच अडकतात. विकत घेतलेल्या डेटा कॅटलॉगमध्ये, म्हणजे संस्थेतल्या डेटाची सूची ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘मालक’ असा रकाना असतो, पण त्यात कोणाचे नाव लिहायचे हे संस्थेलाच ठरवावे लागते. म्हणून खाली दिलेल्या बहुतेक पायऱ्यांना कागद, एक साधी शीट आणि योग्य माणसे एवढेच लागते.

पायरी १: एकच दुखणे निवडा

संस्थेतल्या सगळ्या डेटाला एकदम शिस्त लावायला जाऊ नका. अशी मोहीम पहिले सहा महिने याद्या करण्यातच घालवते आणि तोवर वरिष्ठांचा उत्साह संपतो. जिथे डेटाच्या गोंधळामुळे एखादा निर्णय खरोखर अडतो आहे, असा एक विषय निवडा. तो ओळखणे अवघड नसते. एकाच बैठकीत दोन विभाग एकाच गोष्टीचे दोन आकडे मांडतात. महिनाअखेरीला कोणीतरी उशिरापर्यंत बसून दोन फायली हाताने जुळवते. नियामकाने माहिती मागितली की चार दिवस धावपळ होते.

मोठ्या बँकांना हा धडा फार महागात पडला. २००७-०८ च्या आर्थिक संकटात, बुडण्याच्या वाटेवर असलेल्या एखाद्या संस्थेत आपल्या सगळ्या शाखा आणि उपकंपन्यांचे मिळून किती पैसे अडकले आहेत, हे अनेक बँकांना झटपट सांगता येईना. त्या अनुभवातून बँकांच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीने जानेवारी २०१३ मध्ये जोखमीच्या डेटाबाबत १४ तत्त्वे जाहीर केली. त्यात पहिले तत्त्व गव्हर्नन्सचे आहे आणि डेटाची रचना व आयटी यंत्रणा दुसऱ्या क्रमांकावर येते. हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

निवडलेले दुखणे एका वाक्यात लिहा आणि ज्या वरिष्ठाला ते सर्वाधिक छळते, त्याची संमती घ्या. पुढे दोन विभागांत जुंपली की निर्णय देण्याचा अधिकार याच व्यक्तीकडे लागणार आहे. असा वरिष्ठ मिळत नसेल तर विषय बदला.

पायरी २: डेटाच्या मागोमाग चालत जा

निवडलेला आकडा कुठे जन्मतो आणि कुठून कुठून फिरत अंतिम रिपोर्टमध्ये पोहोचतो, हे प्रत्यक्ष पाहा. आयटी विभागाच्या आकृतीवर समाधान मानू नका. त्या आकृतीत अधिकृत प्रणाली असतात, पण मधल्या टप्प्यावर कोणाच्या तरी संगणकात असलेली एक्सेल फाइल नसते. फॉर्म भरणाऱ्या माणसाशेजारी बसा. कोणता रकाना तो रिकामा सोडतो, कोणत्या रकान्यात नाइलाजाने काहीतरी भरतो, तेही विचारा. ‘जन्मतारीख’ सक्तीची असेल आणि माहिती नसेल, तर शेकडो लोकांचा जन्म १ जानेवारीला झालेला दिसतो. ती चूक फॉर्मच्या रचनेत असते.

मधल्या फायलींकडे दुर्लक्ष करण्याची किंमत २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसली. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फायलींमध्ये चढवले जात होते. त्या स्वरूपात एका शीटवर फक्त ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या नोंदी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. आत शिरल्या तेवढ्याच नोंदी बाहेर पडल्या का, एवढी मोजदाद प्रत्येक टप्प्यावर असती तर हे पहिल्याच दिवशी लक्षात आले असते. तुमच्या नकाशावर प्रत्येक बाणाशेजारी हाच प्रश्न लिहून ठेवा.

पायरी ३: प्रत्येक डेटाला माणसाचे नाव द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. तीन भूमिका पुरतात.

पहिली डेटा ओनरची. हा त्या विभागाचा प्रमुख असतो जिथे डेटा जन्मतो. कर्मचाऱ्यांच्या डेटाचा ओनर मनुष्यबळ प्रमुख, पुरवठादारांच्या डेटाचा खरेदी प्रमुख. व्याख्या काय, कोणाला पाहता येईल, किती अचूकता हवी, हे तो ठरवतो आणि चुकले तर उत्तरही तोच देतो. दुसरी डेटा स्टीवर्डची. त्याच विभागातली, रोज त्या डेटात हात असलेली व्यक्ती. ती तक्रारी तपासते, व्याख्या अद्ययावत ठेवते, चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घेते. तिसरी कस्टोडियनची, म्हणजे बहुधा आयटी. साठवण, बॅकअप, सुरक्षितता आणि ठरलेले प्रवेशाधिकार प्रत्यक्षात लागू करणे हे त्याचे काम.

बहुतेक ठिकाणी ओनर म्हणून आयटी प्रमुखाचेच नाव लिहिले जाते, कारण डेटा त्याच्या सर्व्हरवर असतो. तसे होऊ देऊ नका. कंत्राटी कामगाराला कर्मचारी धरायचे का, हे आयटीला ठरवता येणार नाही आणि त्याने ठरवले तर कोणी मानणारही नाही. ओनरच्या जागी विभागाचे किंवा समितीचे नावही चालवून घेऊ नका. एका माणसाचे नाव लिहा आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, तेही लिहा.

स्टीवर्ड नेमताना त्याच्या वरिष्ठाकडून वेळ लेखी मागून घ्या. आठवड्यातला निदान अर्धा दिवस या कामाला मिळाला पाहिजे आणि वार्षिक मूल्यमापनात ते काम धरले गेले पाहिजे. ‘नेहमीचे काम सांभाळून बघा’ असे सांगून नेमलेला स्टीवर्ड दोन महिन्यांत फक्त यादीत उरतो. त्या माणसावर तो अन्यायही आहे.

अधिकार स्पष्ट असला की अवघड बदलही कसे होतात, याचे एक उदाहरण जनुकशास्त्रात आहे. काही मानवी जनुकांची चिन्हे मार्च १, सेप्ट १ अशी होती आणि एक्सेल त्यांचे परस्पर तारखांत रूपांतर करी. शोधनिबंधांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षे या चुका शिरत राहिल्या. अखेर मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची चिन्हेच बदलली आणि २०२० मध्ये तसे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. हे नाव कोण बदलू शकतो, याबद्दल जगभरात कोणाच्या मनात शंका नव्हती, म्हणून ते शक्य झाले.

पायरी ४: व्याख्या लिहा, आणि त्या पाळल्या जातात का ते तपासा

प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यासाठी एक छोटी नोंद करा. तिच्यात नाव, एका वाक्यातला अर्थ, काय धरायचे, काय वगळायचे, एकक, मूळ प्रणाली, किती वेळाने अद्ययावत होतो, ओनर आणि मंजुरीची तारीख एवढे असावे. वरच्या उदाहरणासाठी ती अशी होईल:

‘कर्मचारी संख्या: महिन्याच्या शेवटच्या दिवशी नेमणूक चालू असलेल्या व्यक्तींची संख्या. बिनपगारी रजेवरच्या व्यक्ती धराव्यात. कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी वगळावेत. त्यांची संख्या “बाह्य मनुष्यबळ” या नावाने वेगळी द्यावी. मूळ प्रणाली: मनुष्यबळ प्रणाली. ओनर: मनुष्यबळ प्रमुख.’

लेखा विभागाचा आकडा यामुळे चुकीचा ठरत नाही. त्याला ‘पगार घेतलेल्या व्यक्ती’ असे वेगळे नाव मिळते आणि दोन्ही आकडे आपापल्या कामी येतात. एकच आकडा सगळ्यांवर लादण्याच्या हट्टापायी चांगली सुरुवात बिघडते.

मात्र लिहून थांबू नका. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर इंजिनांनी दिलेला आवेग पौंड-बल-सेकंदांत देत होते, तर मार्ग मोजणारी यंत्रणा तो न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. न्यूटन-सेकंदच वापरायचे, असे दोन यंत्रणांमधल्या करारात लिहिलेले होते. येणारा डेटा त्या कराराप्रमाणे आहे की नाही, हे कोणी वेळेत पडताळले नाही. म्हणून प्रत्येक व्याख्येसोबत एक तरी आपोआप चालणारी तपासणी जोडा.

पायरी ५: तपासणी दाराशीच ठेवा

गुणवत्तेचे नियम थोडेच असू द्या. पहिल्या विषयासाठी पाच ते दहा पुरेत. रकाना रिकामा नाही ना, मूल्य शक्य त्या मर्यादेत आहे ना, एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी नाहीत ना, तारीख एकाच पद्धतीने लिहिली आहे ना. तारखेसाठी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम धरला तर ३ एप्रिल की ४ मार्च हा घोळ होत नाही.

नोंद भरतानाच चूक अडवली तर भरणाऱ्याला संदर्भ आठवत असतो. तीन महिन्यांनी तीच चूक सापडली तर कोणालाच काही सांगता येत नाही. नियम मोडला की सूचना कोणाला जाणार आणि किती दिवसांत दुरुस्ती व्हायची, हेही लिहा. ज्या सूचनेला माणूस जोडलेला नाही ती कोणी वाचत नाही.

पायरी ६: कोणी पाहायचे, किती काळ ठेवायचे

डेटाचे वर्गीकरण तीन-चार स्तरांतच ठेवा: सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. दहा स्तर केले तर कर्मचारी भीतीपोटी सगळेच सर्वोच्च स्तरात टाकतात. प्रवेश कामापुरताच द्या. माणूस बदली होऊन गेला किंवा नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी काढून घ्या.

साठवण्याची मुदतही ठरवा. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यानुसार वैयक्तिक डेटा गरजेपेक्षा जास्त काळ ओळख पटेल अशा रूपात ठेवता येत नाही. डेटाफुटीमुळे लोकांच्या हक्कांना धोका संभवत असेल, तर ती लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावी लागते. कोणाचा कोणता डेटा कुठे आहे, हे पायरी २ मध्ये शोधून ठेवले नसेल तर या मुदतीत उत्तर देणे फार कठीण. तुमच्या संस्थेला लागू असलेला कायदा वकिलाकडून समजून घ्या, मुदती त्याप्रमाणे ठरवा आणि मुदत संपलेला डेटा खरोखर पुसला गेला का, हे वर्षातून एकदा पाहा.

पायरी ७: वाद मिटवण्याची जागा

ओनर मंडळींची एक लहान परिषद करा. महिन्यातून एकदा, तासभर. जे प्रश्न स्टीवर्डांना आपसात सुटले नाहीत, तेवढेच इथे यावेत. प्रत्येक निर्णय कारणासह नोंदवहीत लिहा, कारण दोन वर्षांनी तोच प्रश्न नव्या माणसाकडून पुन्हा येतो.

टिकवायचे कसे

घडी बसवणे तुलनेने सोपे. विस्कटते ती तीन प्रसंगी, आणि तिन्ही आधीपासून दिसत असतात.

ओनर किंवा स्टीवर्ड पद सोडतो. यावर उपाय म्हणजे जबाबदारी सोपवण्याच्या कागदपत्रांत डेटाची यादी घालणे, म्हणजे नवी व्यक्ती रुजू होतानाच सही करते. नवी प्रणाली येते आणि तिच्यासोबत जुन्या आकड्याची नवी व्याख्या घुसते. म्हणून खरेदीच्या मंजुरीपत्रकात ‘कोणता डेटा, ओनर कोण, व्याख्या जुळते का’ हे रकाने ठेवा आणि ते रिकामे असतील तर मंजुरी थांबवा. तिसरा प्रसंग वरिष्ठांचे लक्ष उडण्याचा. त्यांना धोरणाच्या कागदांची संख्या दाखवू नका. फायली हाताने जुळवण्यात जाणारे तास किती कमी झाले, नियामकाला उत्तर द्यायला किती दिवस लागले, उघड्या राहिलेल्या तक्रारी किती जुन्या आहेत, हे दाखवा.

चूक कळवणाऱ्याशी कसे वागता, याकडेही लक्ष असू द्या. कळवणाऱ्यालाच ती निस्तरायला लावले किंवा दोष दिला, तर पुढच्या चुका लपतात. तक्रार करायला एकच ठिकाण ठेवा आणि तिचे काय झाले हे त्या व्यक्तीला न चुकता कळवा.

दुसरा विषय घ्यायची घाई नको. पहिल्या विषयातले आकडे सलग तीन महिने कोणीही हाताने न जुळवता बाहेर पडले, की पुढचा घ्या. पहिल्या विषयाचा स्टीवर्ड सुरुवातीचा महिनाभर नव्या स्टीवर्डसोबत जोडून द्या आणि तेवढ्या काळापुरता त्याचा राखीव वेळ दुप्पट करा.