युक्रेनची लाकडी चर्च नाशिकमध्ये बसून कशी अभ्यासावीत

पश्चिम युक्रेनमध्ये लव्हीव, इव्हानो-फ्रांकिव्स्क आणि झाकारपात्त्या या प्रदेशांतल्या कार्पेथियन डोंगररांगांत आणि त्यांच्या पायथ्याला जुनी लाकडी चर्च आजही गावागावांत उभी आहेत. २०१३ मध्ये युक्रेन आणि पोलंडची मिळून अशी १६ चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, दोन्ही देशांतली आठ-आठ. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद असल्याने तिकडे जाण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा लागतो. घरबसल्या अभ्यास मात्र चांगला होतो, क्रम चुकला नाही तर. बहुतेक जण फोटो उघडला की घुमट मोजायला लागतात. आधी पाणी शोधा. पाऊस आणि बर्फ छपरावरून कुठून उतरतं, पागोळ्या कुठे पडतात, कुठलं लाकूड भिजतं आणि कुठलं कोरडं राहतं. हे कळलं की इमारतीचा निम्मा आकार का तसा आहे तेही कळतं.

डोळा तयार करायला

त्यासाठी नाशिकमधली दोन ठिकाणं पुरेशी आहेत. पांडवलेणीतलं १८ क्रमांकाचं लेणं हे तिथलं एकमेव चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावरची पिंपळपानी कमान, कमानीच्या पोटातून बाहेर आलेली वाशांची टोकं आणि जाळी बारकाईने पाहा. दगडात वाशांची गरजच नसते. लाकडी इमारत कशी दिसायची हे कारागिराच्या हातात इतकं मुरलेलं होतं की डोंगर कोरतानाही त्याने तेच काढलं. वहीत दोन रकाने करा: दगडाला खरोखर लागणारे भाग आणि नुसते लाकडावरून आलेले भाग. लाकडाचा कुठला तुकडा काय काम करतो, हे या सरावात पक्कं होतं.

मग सराफ बाजारातला सरकारवाडा, किंवा जुन्या नाशकातला कुठलाही शाबूत वाडा. आतल्या चौकात भार खांबांवर असतो. खांबावर हस्त (तुळई पेलणारा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट. कार्पेथियनच्या चर्चमध्ये हा सांगाडा जवळपास नसतोच. तिथे तासलेले ओंडके आडवे, एकावर एक रचतात आणि कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवतात. भिंत हीच भार घेते.

या फरकाचा एक परिणाम लक्षात ठेवा. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत फारसं आखडत नाही, जाडीत आखडतं. वाड्याचा खांब उभा असल्याने त्याची उंची तशीच राहते. आडव्या ओंडक्यांची भिंत मात्र ताज्या लाकडाची असली तर दर मीटरला काही सेंटीमीटर खाली बसते. म्हणून मुरलेला सुतार दारा-खिडकीच्या चौकटीवर फट सोडतो आणि ती फळीने झाकतो. पुढच्या दुरुस्तीत ही फट कुणी पक्की बुजवली, तर वरचे ओंडके चौकटीवर टेकतात आणि बाजूच्या सांध्यांत उजेड दिसू लागतो.

फोटो आणि नकाशा

एका चर्चसाठी किमान नऊ चित्रं गोळा करा: चार बाजूंची चार, कोपऱ्यातल्या खाचांचं एक, वळचणीच्या खालून वर घेतलेलं एक, आतली दोन आणि उपग्रहाचं एक. वळचणीचं चित्र सर्वांत कठीण मिळतं आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

शोधताना गावाचं नाव युक्रेनी लिपीत टाका. युनेस्कोच्या यादीतलं नाव घेऊन विकिपीडियाच्या युक्रेनी पानावर गेलात की तिथून ते उचलता येतं. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबलात तर रोहातिन कधी रोगातिन होतं, लव्हीव कधी ल्वुव्ह तर कधी लेम्बर्ग. झोव्क्वा हे शहर १९५१ ते १९९२ या काळात नेस्तेरोव्ह नावाने ओळखलं जायचं, तर इव्हानो-फ्रांकिव्स्क १९६२ पर्यंत स्तानिस्लाव किंवा त्याआधी स्तानिस्लाविव होतं. त्या काळातले फोटो जुन्या नावाखालीच सापडतात.

उपग्रहाच्या चित्रात दिशा तपासा. चर्चचा गाभारा पूर्वेला, मुख्य दार बहुधा पश्चिमेला. नाशिकला मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, त्यामुळे आपली सवय इथे फसवते. युक्रेनमध्ये दुपारची सावली वर्षभर उत्तरेलाच असते. जमिनीवरून काढलेल्या फोटोत सदा सावलीत, शेवाळलेली दिसणारी भिंत बहुतेक वेळा उत्तरेची. कुज शोधायची सुरुवातही तिथूनच करा.

खालून वर

आलेखाच्या कागदावर १:१०० च्या प्रमाणात आराखडा काढा. मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे साध्या पानावर अख्खं चर्च बसतं. मोजमाप मिळालं नाही तर दाराची उंची अंदाजे धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात काढा आणि कोपऱ्यात 'अंदाजे' असं लिहा. बहुतेक आराखडे तीन चौकटींचे निघतात. पश्चिमेला बाबिनेत्स, जिथे पूर्वी बायका उभ्या राहत. मधे मुख्य दालन, सहसा सर्वांत रुंद. पूर्वेला गाभारा.

पुढे जोतं. दगडांवर टेकलेला सर्वांत खालचा ओंडका जाड असतो, अनेकदा ओकचा. वरचे स्प्रूस किंवा फर या सूचिपर्णी झाडांचे. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि हा खालचा ओंडका सर्वांत आधी जातो. त्याच्याभोवती सिमेंटचा कट्टा केलेला दिसला तर तशी नोंद करा. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि ओंडका आतून भुसा होतो, बाहेरून मात्र ठणठणीत वाटतो.

मग वळचण. युक्रेनीत तिला ओपासान्या म्हणतात. भिंतीच्या मध्यावर, चर्चला चहूबाजूंनी वेढणारं हे उतरतं छप्पर. ते कशावर उभं आहे, तिथे नजर रोखा. कोपऱ्यातल्या ओंडक्यांची टोकं मुद्दाम लांब सोडलेली असतात, खालचं आखूड आणि वरचं प्रत्येक थोडं अधिक लांब, आणि त्या उलट्या पायऱ्यांवर वळचण पेललेली असते. वेगळा खांब नाही, वेगळा हस्त नाही. भिंतच हात पुढे करते. वळचणीमुळे पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात, शिडकावा खालच्या ओंडक्यांपर्यंत पोचत नाही आणि पावसात गावकऱ्यांनाही आडोसा मिळतो. काही ठिकाणी तिला नंतर खांबांचा आधार दिलेला दिसतो.

छपराचं आवरण म्हणजे गोंत, लाकडाची लहान कौलं. एका कडेला पन्हळ, दुसरी कड निमुळती. एकाची कड शेजाऱ्याच्या पन्हळीत बसते. चांगली गोंत करवतीने कापत नाहीत, तंतूच्या रेषेत फाडतात. करवतीने तंतू कापले जातात आणि पाणी थेट आत शिरतं. फाडलेल्या फळीवरून ते तंतूच्या वाटेने घरंगळून जातं. 'एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च' असं वाक्य जागोजागी भेटेल. भिंतींच्या बाबतीत ते पुष्कळदा खरं असतं, कारण तिथे खाचा आणि लाकडी खुंट्या असतात. गोंत मात्र खिळ्यांनीच ठोकतात.

आता वर पाहा. २०१३ च्या यादीत चार शैली आहेत, नावं तिथल्या प्रदेशावरून किंवा डोंगरी लोकगटांवरून आलेली.

हालिच शैली सर्वांत जुनी. तीन भाग, मधला ठळक, आणि वळचण भरभक्कम. पोतेलिच (१५०२), रोहातिन (१५९८), द्रोहोबिचचं सेंट जॉर्ज आणि झोव्क्वाचं होली ट्रिनिटी (१७२०) या गटातली. बोयको शैलीत तिन्ही भागांवर स्वतंत्र शिखर असतं आणि मधलं सर्वांत उंच. हे शिखर टप्प्याटप्प्याने चढतं: उतार, मग ओंडक्यांचा उभा पट्टा, पुन्हा उतार, पुन्हा लहान पट्टा. मात्कीव (१८३८) पाहिलं की हे चटकन ध्यानात येतं. उझोक (१७४५) याच गटातलं, पण त्याची शिखरं साधी. हुत्सुल शैलीत आराखडाच बदलतो. पाच भागांचा क्रूस, आणि मधल्या भागावर अष्टकोनी मनोरा. यासिन्या (१८२४) आणि निझ्नी वेर्बिझ (१८०८) ही त्याची उदाहरणं. लेमको शैलीची यादीतली सगळी चर्च पोलंडमध्ये आहेत. तिथे उंच मनोरा बहुधा पश्चिमेला, बाबिनेत्सवर असतो, आणि गाभाऱ्याकडे उंची उतरत जाते. बोयको की लेमको असा गोंधळ झाला तर एवढंच विचारा: सर्वांत उंच टोक मधे आहे की दारावर?

घंटेचा मनोरा अनेकदा वेगळा उभा असतो. मोठी घंटा झुलते तेव्हा बसणारे हिसके ओंडक्यांच्या भिंतीला मानवत नाहीत.

आत गेल्यावर

गाभारा आणि दालन यांच्यामध्ये चित्रांची उभी भिंत असते, इकोनोस्तास. खालच्या ओळीपासून वाचा. मधल्या दाराच्या उजवीकडे ख्रिस्त, डावीकडे बाळासह मरियम, डाव्या टोकाला बहुधा संत निकोलस. उजव्या टोकाचं चित्र ज्याच्या नावाने चर्च आहे त्याचं किंवा त्या सणाचं. फोटोखाली नाव नसलं तरी या एका चित्रावरून पुष्कळदा चर्च ओळखता येतं. वरच्या ओळींत सणांची लहान चित्रं, मग प्रेषित, मग संदेष्टे.

इमारतीचं आणि इकोनोस्तासचं वर्ष वेगवेगळ्या रकान्यात लिहा. रोहातिनचं चर्च १५९८ चं सांगतात, तिथला इकोनोस्तास १६५० चा. भित्तिचित्रांना तिसरा रकाना लागतो.

कुठे फसायला होतं

जागा आणि जन्मगाव एकच असेल असं धरू नका. लाकडी चर्च सुटं करून हलवता येतं. द्रोहोबिचचं सेंट जॉर्ज नादियीव नावाच्या गावातून १६५६ मध्ये आणलं, आणि त्याची किंमत मिठात चुकती केली. द्रोहोबिच हे मिठागरांचं गाव. लव्हीवच्या खुल्या संग्रहालयातलं सेंट निकोलस १७६३ चं, मूळचं क्रिव्का गावचं, लव्हीवला आलं १९३० मध्ये. उझहोरोदच्या संग्रहालयातलं शेलेस्तोवेचं चर्च १७७७ चं. अशा चर्चच्या भोवतालावरून शैलीचे निष्कर्ष काढले की हमखास चुकतात.

पत्रा हा दुसरा चकवा. चकचकीत पत्र्याखाली गोंत असू शकते, किंवा काढून टाकलेली असू शकते. पत्र्याच्या पोटाला थंडीत दव धरतं आणि हवा खेळायला वाव नसला तर खालचं लाकूड कुजतं. रंग पाहून वय ठरवू नका. शिखराचा टप्पा आणि वळचणीची टोकं पाहा, ती सहसा पत्रा मारतानाही तशीच राहतात.

तिसरा घोळ याद्यांचा. दक्षिण पोलंडची सहा रोमन कॅथलिक लाकडी चर्च २००३ ची वेगळी नोंद आहे, रुमानियातल्या मारामुरेशची आठ १९९९ ची, स्लोव्हाकियाची २००८ ची. इंटरनेटवरच्या फोटोंत ही सगळी 'कार्पेथियन लाकडी चर्च' म्हणून एकत्र येतात. दारावर एकच सुईसारखा उंच मनोरा दिसला की आधी मारामुरेशचा संशय घ्या.

प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर

पोलंडच्या बाजूने जा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करायलाच हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. क्राकूव्हला उतरलात तर क्वियातोन, ओव्चारी, ब्रुनारी आणि पोव्रोझ्निक ही लेमको चर्च एका फेरीत जमतात. पूर्वेकडे पशेमिशल मुक्कामी राहून खोतिन्येत्स आणि रादरुझ करा. रादरुझ पोतेलिचच्या अगदी जवळच्या घराण्यातलं आहे, मधे फक्त सीमा. बोयको शैलीसाठी बिएश्चादी डोंगरातलं १७९१ चं स्मोल्निक. हुत्सुल शैलीचं यादीतलं एकही चर्च पोलंडमध्ये नाही, तिच्यासाठी तूर्त फोटोच.

खेड्यातली चर्च प्रार्थनेच्या वेळा सोडून कुलूपबंद असतात. चावी कुणाकडे आहे ते अनेकदा दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, म्हणून पाटीचा फोटो घेऊन भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका. रविवारी सकाळी दार बहुधा उघडं मिळतं, पण तेव्हा प्रार्थना चालू असते: मागे उभं राहायचं, कॅमेरा पिशवीत. नंतर विचारून आतले फोटो घ्या, फ्लॅश न लावता, आणि निघण्याआधी वळचणीखालून एक फेरी मारून चारही कोपऱ्यांतल्या ओंडक्यांची टोकं टिपा.